बावीस घरांची गुन्हेवही

४ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते पत्राच्या शेवटी घे. आधी कामाचं.

फोन करू नकोस म्हणाले त्याचा राग धरलेला दिसतोस. अरे, सत्तावीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिले, डावा कान त्यातच कामी आला. आता फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं जुळवते. मागच्या वेळी तू 'दाढ काढली' म्हणालास, मी 'झाड पाडलं' ऐकलं, आणि तीन दिवस त्या झाडासाठी हळहळले. पत्र बरं. पत्रात तू खोटं बोललास तरी ते नीट ऐकू येतं.

तर आमच्या गल्लीत चोर शिरलाय. एका आठवड्यात तीन चोऱ्या! नऊ नंबरवाल्यांचा बागेचा पाइप गेला, चौदा नंबरच्या सायकलची सीट गेली, आणि समोरच्या नर्सबाईंची दोरीवर वाळत घातलेली चादर गेली. यापूर्वी या बावीस घरांत शेवटची चोरी कधी झाली ते मलासुद्धा आठवत नाही. आणि मला सगळं आठवतं हे तुला माहीत आहे.

लगेच कर्नलांनी सभा बोलावली. कर्नल म्हणजे सैन्यातले नव्हेत, ते जन्मभर रंगाच्या दुकानात होते. मिशांमुळे नाव पडलं आणि नावामुळे आवाज वाढला. सभेत सुरक्षा समिती स्थापन झाली. अध्यक्ष कर्नल, शिट्टीही त्यांचीच. नोंदवही माझ्याकडे दिली, कारण 'अक्कांना सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं.' हे कौतुक होतं असं मी धरून चालले आहे.

तू अडतीस वर्षं पोलीस मुख्यालयात काढलीस. तेव्हा ही वही कशी ठेवायची ते कळव. चोर पकडायचा कसा ते लिहू नकोस. ते तुला येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

अक्का

१२ जानेवारी

अक्का,

पाया पडतो, आणि तुझ्या शेवटच्या वाक्याचा निषेध नोंदवतो.

मी आकडेवारी शाखेत होतो. चोर पकडणं हवालदाराचं काम. पण चोर कुठे, किती वाजता आणि किती येतात, हे हवालदाराला आम्ही सांगायचो. तुला हसू येतंय, माहीत आहे.

वहीत रकाने पाड: तारीख, वेळ, ठिकाण, काय गेलं, संशय कोणावर. छोटी गोष्टही सोडायची नाही. 'एवढंसंच तर गेलं' म्हणून लोक सांगत नाहीत आणि तिथेच चोराचं फावतं. सोबत समितीसाठी सात नियम लिहून पाठवतोय, कर्नलांना दे. त्यातला चौथा महत्त्वाचा आहे: विनाकारण कोणीही कोणाचं दार वाजवू नये. वाजवणारा कोण हे आतल्याला कळत नाही, आणि सवय झाली की मग कोणालाही दार उघडलं जातं.

आता स्पष्ट विचारतो. गल्लीच्या तोंडाशी तो चावीवाला बसतो ना? बावीसही घरांच्या किल्ल्या त्याच्या हाताखालून गेल्या असणार. आमच्या शाखेत म्हणत असत, आधी ओळखीच्या माणसाकडे बघा. मी काही म्हणत नाही. बघ, एवढंच.

आमच्या इमारतीत दोन पहारेकरी, सोळा कॅमेरे, कार्ड लावल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. चार वर्षांत एकही गुन्हा नाही. शून्य! अक्का, तुझं वय एकाहत्तर. घर विकून इथे ये म्हणून किती वेळा सांगू? खोली रिकामीच आहे. मुलगा-सून कामात असतात, त्यांना तुझी अडचण होणार नाही.

तुझा धाकटा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या रकान्यांनी घोटाळा केला.

वही उघडली आणि माझ्या दारात रांग लागली. लहानसहान काही सोडायचं नाही म्हटल्यावर लोकांनी काही म्हणजे काही सोडलं नाही. तीन घरांतून एकेक चप्पल गेली, तिन्ही डाव्या. दोन घरांतली वर्तमानपत्रं. एकाची छत्री, जी मी स्वतः त्याला बसमध्ये विसरताना पाहिली आहे. सतरा नंबरच्या आजी तर अकरा वर्षांपूर्वीचा कंगवा घेऊन आल्या, म्हणजे कंगव्याची तक्रार घेऊन आल्या. मी म्हटलं, "आजी, एवढं जुनं चालत नाही." तर म्हणाल्या, "मग तेव्हा कुठे होती तुझी वही?" लिहिलं. काय करणार!

महिन्याची बेरीज चौदा. कर्नलांनी गल्लीच्या तोंडाशी फळा लावला: 'सावधान! या महिन्यात १४ गुन्हे.' जन्मभराच्या रंगाच्या अनुभवामुळे अक्षरं लालभडक आणि फार सुबक आली आहेत. परवा वीस नंबरचं घर भाड्यानं घ्यायला एक जोडपं आलं होतं. फळा वाचला आणि तिथूनच मागे फिरलं.

आता चावीवाल्याबद्दल. अरे, चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नकोस. तो माणूस तीस वर्षं त्याच कोपऱ्यावर आहे, वरच्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी नऊ वाजता मी वाचून झालेलं वर्तमानपत्र घेऊन त्याच्याकडे जाते आणि आम्ही शब्दकोडं सोडवतो. आडवे शब्द माझे, उभे त्याचे. मला जो शब्द येत नाही तो त्याला येतो आणि त्याला येतो म्हणून मला राग येतो. हा आमचा संबंध. फळा लागल्यापासून त्याची एकोणीस कुलपं खपली हे मी तुला मुद्दाम आधीच सांगते. 'हेतू सापडला' असं लिहू नकोस.

अकराव्या मजल्यावरून शेळ्या हाकणं सोपं असतं रे बाबा.

अक्का

१० फेब्रुवारी

अक्का,

मी काल बसून हिशेब केला आणि जेवण गेलं नाही.

तुझ्या गल्लीत माणसं चौऱ्याहत्तर. गुन्हे महिन्याला चौदा, म्हणजे वर्षाला एकशे अडुसष्ट. दर हजार माणसांमागे दोन हजार दोनशे सत्तर! याचा अर्थ कळतो का? तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येक माणूस वर्षातून दोनदा लुटला जाणार, वर थोडा उरणार. अडतीस वर्षांत असा दर मी कुठल्याही वस्तीचा पाहिला नाही. चोरांच्या वस्तीचासुद्धा नाही.

चेष्टा करू नकोस. पार्सलनं एक कुलूप पाठवतोय. परदेशी आहे, आतून आपोआप बसतं, बाहेरून त्याच्याच किल्लीशिवाय उघडत नाही, आणि त्या किल्लीची नक्कल होत नाही. दोन किल्ल्या आहेत. एक तुझ्या गळ्यात, दुसरी तुझ्या कपाटात. शेजारी ठेवू नकोस. खिडक्यांना गज बसवून घे. आणि ते बसवताना चावीवाल्याला दूर ठेव.

दर महिन्याचा तक्ता मला पाठवत जा. आणि यंदा तरी इकडे येण्याचा विचार कर. सूनबाई परवाच तुझी आठवण काढत होती.

धाकटा

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

कुलूप पोचलं. बसवलं कोणी? चावीवाल्यानंच. गल्लीत दुसऱ्या कोणाला ते समजलंसुद्धा नाही. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, कानाशी धरून किल्ली फिरवली आणि म्हणाला, "अक्का, माल एक नंबर आहे. हे मला उघडता येणार नाही." तोंड मात्र असं केलं होतं की जणू मी त्याला दारातून हाकललं.

गुन्ह्यांचा तपास लागत चाललाय. डाव्या चपला सहा नंबरवाल्यांच्या बागेत पुरलेल्या सापडल्या. चोर म्हणजे त्यांचा कुत्रा, जो त्यांनी चोरांच्या भीतीनं आणला होता. आरोपीला बिस्किट देऊन सोडून दिलं. नर्सबाईंची चादर वाऱ्यानं उडून त्यांच्याच छपरावर पडलेली होती. पाइप नऊ नंबरवाल्यांच्या बायकोनं भावाला दिला होता आणि नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्या घरात आता वेगळाच गुन्हा घडायच्या बेतात आहे. म्हणजे खरी चोरी एकच, सायकलची सीट. तुझा दर हजारी आकडा परत काढ.

मी कर्नलांना म्हटलं, फळा पुसा. तर म्हणाले, "अक्का, भीती गेली की शिस्त जाते." तेव्हा चौदाचा आकडा आहे तसा आहे.

बाकी गल्ली शांत आहे. फार शांत. संध्याकाळी पायरीवर बसायची माणसं आत बसतात. मुलं खेळतात ती आपापल्या फाटकाच्या आत, चेंडू पलीकडे गेला की खेळ संपला. परवा माझी साखर संपली. समोरच्या नर्सबाईंकडे वाटी घेऊन निघाले, दारावर हात उचलला, आणि तुझा नियम चार आठवला. परत आले. बिनसाखरेचा चहा प्यायले. प्रकृतीला चांगला असतो म्हणतात. चवीला अजिबात नसतो.

येण्याचं विचारू नकोस. सूनबाईंना माझे आशीर्वाद. हल्ली त्या काय रांधतात ते तू लिहीत नाहीस. पूर्वी पानभर लिहायचास.

अक्का

२५ मार्च

धाकट्या,

हात जरा लचकलाय म्हणून डाव्या हातानं लिहिते. अक्षराला नावं ठेवू नकोस. तू मागितलेला महिन्याचा तक्ता:

चोरी: नाही.
घरफोडी: एक. दार तोडून. भर दुपारी.
आरोपी: तीन. अटक: कोणाला नाही.
गेलेला माल: काही नाही.
ठिकाण: आमचं घर.

मी ठीक आहे. काळजी नको.

अक्का

३० मार्च

अक्का!!

'ठिकाण: आमचं घर' असं शेवटच्या ओळीत लिहितात का? वरचं सगळं मी तक्ता म्हणून वाचत आलो, आणि त्या ओळीपाशी चष्मा नाकावरून पडला.

घरफोडी! भरदुपारी! तिघं! आणि हात 'लचकला'? कोणी पिरगळला? फोन केला तर तू उचलत नाहीस. तिन्ही नराधमांची वर्णनं लगेच कळव. मी तुझ्याकडच्या पोलीस ठाण्याला अर्ज लिहून तयार ठेवलाय.

आता माझं ऐक. ते कुलूप किल्लीशिवाय उघडत नाही. दार तोडावं लागलं म्हणजे ते कसलं आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. ते कसलं आहे हे कोणाला माहीत? ज्यानं बसवलं त्याला. मी जानेवारीतच लिहिलं होतं. तीस वर्षं कोपऱ्यावर बसून असा माणूस नुसती वाट बघत असतो. तू त्याच्याबरोबर शब्द जुळवत बसलीस आणि त्यानं घर जुळवलं!

घर विकायचं. आता चर्चा नाही.

धाकटा

६ एप्रिल

साहेबांस,

आपली ओळख नाही. मी गल्लीच्या तोंडाशी बसणारा चावीवाला. हे पत्र अक्कांना न सांगता लिहितोय.

तुमचं पत्र मी वाचलं. चोरून नाही. अक्कांनीच हातात दिलं, म्हणाल्या, "वाच, तुझ्यावर आलंय." अक्का हसत होत्या. मला आधी हसू आलं आणि घरी गेल्यावर आलं नाही. म्हणून म्हटलं, साहेबांना काय घडलं ते लिहावं. तुम्हाला आरोपींची वर्णनं हवी आहेत ना? आरोपी क्रमांक एक मीच.

बारा मार्चची गोष्ट. नऊ वाजता अक्का वर्तमानपत्र घेऊन आल्या नाहीत. साडेनऊ झाले, दहा झाले. तीस वर्षांत अक्का आजारी पडल्या तरी वर्तमानपत्र कोणाच्या तरी हातून यायचं. उठून दार वाजवावं असं वाटलं. पण मागच्याच महिन्यात मी अकरा नंबरचं दार वाजवलं म्हणून कर्नलांनी मला समज दिली होती, नियम चार. म्हणून बसून राहिलो. साहेब, खरं सांगतो, मी नियम पाळत बसलो याची मला अजून लाज वाटते.

बारा वाजता नर्सबाई कामावरून आल्या. त्यांना म्हटलं, अक्का दिसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नियम गेला खड्ड्यात," आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या. आतून आवाज आला, "कोण आहात ते नंतर सांगा, आधी आत या!"

अक्का सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात पाण्यावरून घसरल्या होत्या. उजवं मनगट मोडलं होतं आणि कंबरेला असा मार होता की उठता येईना. साडेचार तास फरशीवर. हाका मारत होत्या, पण गल्लीत सगळ्यांच्या खिडक्या बंद. पूर्वी अक्कांना नुसता ठसका लागला तरी तीन घरांतून 'काय झालं हो' यायचं.

मी अवजारं आणली. तुमच्या कुलपावर वीस मिनिटं झटलो. नाही उघडलं. कुलूप उत्तम आहे, पावती जपून ठेवा. खिडक्यांना तुम्ही सांगितलेले गज. शेवटी समोरच्या बांधकामावरून पहार आणली. पहिला घाव घातला आणि कर्नल शिट्टी फुंकत धावत आले. हातात पहार बघून त्यांनी माझी कॉलर धरली आणि म्हणाले, "रंगेहाथ! आधी पंचनामा, मग बाकीचं." तेवढ्यात आतून अक्का ओरडल्या, "कर्नल, त्याला सोडा आणि पहारेला हात लावा! पंचनामा मी सांगेन, मी आतच आहे!"

मग कर्नलांनी पहारेला हात लावला. तिघांनी मिळून दार पाडलं. मी, नर्सबाई आणि कर्नल. हेच तुमचे तीन नराधम. दवाखान्यात नेताना कर्नल रडत होते, ते मात्र वहीत लिहू नये अशी त्यांची विनंती आहे.

मनगटाचं ऑपरेशन नीट झालं. नर्सबाई रोज दोनदा येतात. नवीन दार मी बसवलंय. अक्कांनी तुम्हाला कळवू दिलं नाही. म्हणतात, कळलं तर तो मला घेऊन जाईल. घेऊन जायचं असेल तर तुम्ही भाऊ आहात, मी कोण सांगणारा? फक्त गल्लीत गुन्हे वाढले म्हणून नेलं असं सांगू नका. तेवढंच मनाला लागेल.

चावीवाला

ता.क. एक नीट झालं पाहिजे. अक्का सध्या कोड्यातले माझे उभे शब्दही सांगतात. हात मोडल्यापासून जास्तच.

१४ एप्रिल

अक्का,

त्या माणसाचं पत्र आलं. तू साडेचार तास फरशीवर पडून होतीस आणि मी इथे तुझ्या गल्लीचा दर काढत होतो.

मी काय लिहू? कुलूप मी पाठवलं. गज मी बसवायला लावले. नियम चार माझा. आमच्या शाखेच्या पद्धतीनं बघितलं तर सूत्रधार मीच ठरतो.

पत्र वाचल्यावर मला राहवेना. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगायला घरात कोणी नव्हतं. अक्का, मी तुझ्याशी खोटं बोललो आहे. मुलगा-सून गेल्या वर्षीच नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेले. सूनबाई काय रांधते ते मला माहीतच नाही, म्हणून लिहीत नव्हतो. तुला कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग तूच का येत नाहीस?

तर मी बाहेर पडलो आणि शेजारचं दार वाजवलं. चार वर्षांत पहिल्यांदा. कोणी उघडेना. पुन्हा वाजवलं, मग समोरचं वाजवलं. पत्र हातात, पायात घरातल्या चपला, आणि डोळे ओले असावेत. पाच मिनिटांत दोन्ही पहारेकरी वर आले. सोळाही कॅमेऱ्यांनी मला पाहिलं होतं. मी म्हटलं, "अरे, मी इथेच राहतो." तर म्हणाले, "ओळखपत्र?" ते आत टेबलावर, आणि माझ्यामागे दार आपोआप बसलेलं. होय, तेच कुलूप. मी स्वतःलाही एक घेतलं होतं.

मला खाली नेऊन बसवलं आणि नोंदवहीत लिहिलं: 'संशयित इसम, वय अंदाजे पंचाहत्तर.' मी सहासष्टचा आहे, अक्का! आमच्या इमारतीच्या वहीतला चार वर्षांतला पहिला गुन्हेगार मी झालो. शून्य मोडलं ते मी.

शेवटी शेजारीण खाली आली. दातांची डॉक्टर आहे. तिनं मला ओळखलं नाही, पण मागे काढलेली माझी दाढ तिला आठवली. आमच्या मधे एकच भिंत आहे आणि मी तिच्या दवाखान्यात बस बदलून जात होतो!

गुरुवारी पोचतोय. तुला न्यायला नाही. नुसता येतोय.

तुझा धाकटा

२७ मे

धाकट्या,

तू जाऊन आठ दिवस झाले. हात आता बराच चालतो, हे अक्षर बघ.

महिनाभर तू होतास तेव्हा समोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आल्या दिवशी तू चावीवाल्यासमोर जाऊन उभा राहिलास तो मी खिडकीतून बघत होते. माफी मागायला गेलास आणि तोंडून काय निघालं तर, "एक किल्ली करून हवी होती." "कशाची?" तर तुला सांगता येईना. मग त्यानं स्टूल पुढे ओढलं. त्या स्टुलावर तू पुढचे पंचवीस दिवस बसलास. शब्दकोड्यात तुझा एकही शब्द बरोबर आला नाही असं तो सांगतो, पण तुझ्यासमोर म्हणाला नाही.

फळा पुसलास ते बरं केलंस. नियम चारही खोडला हे कर्नल जाहीर करत नाहीत, पण काल ते स्वतःच माझ्याकडे दार वाजवून आले. काम काही नव्हतं. बसले, चहा घेतला, गेले. मुलांचा चेंडू आता माझ्या खिडकीवर येतो. सायकलची सीट शेवटी सापडली नाही. म्हणजे एक चोर आहे, धाकट्या. असू दे. एका चोराला चौऱ्याहत्तर माणसं पुरेत.

फरशीवर पडले होते तेव्हा मला चोराची भीती नाही वाटली. वाटलं एवढंच, की माझीच वही वाचून लोकांनी दारं लावली आणि आता मला कोणी ऐकणार नाही. आणि तू बावीस घरांच्या गल्लीतून मला उचलून न्यायला निघाला होतास त्या अकराव्या मजल्यावर. तिथे पडले असते तर? मला तर वाटतं तुला माझी काळजी होती त्यापेक्षा तुला सोबत हवी होती. मग तसं सरळ म्हणायला काय झालं होतं? तुझ्या जन्मापासून मी तुला सांभाळते आहे. एवढ्यासाठी चोर मधे आणायची गरज नव्हती.

आता कामाचं. माझ्या घरात तुला ठेवणार नाही. तू घोरतोस, आणि माझा उजवा कान अजून शाबूत आहे. पण चावीवाल्याच्या वरच्या मजल्यावर दुसरी खोली रिकामी आहे. खिडकी गल्लीकडे उघडते, जिना रुंद आहे. मी विचारलं. त्यानं कानस खाली ठेवली आणि म्हणाला, "अक्का, भाऊ तुमचे आहेत हे खरं. पण माणूस मला फक्त महिन्याचा ठाऊक. भाडेकरू ठेवायचा तर पोलिसांत नोंद करावी लागते. हल्ली कोणाचा भरवसा देता येत नाही." हे सगळं तोंड इतकं सरळ ठेवून, की मलाच आधी कळलं नाही.

फॉर्म सोबत पाठवतेय. नीट भर. खाडाखोड त्याला चालत नाही.

अक्का

५ जून

अक्का,

फॉर्म भरून पाठवतोय. दोन फोटो जोडले आहेत, एकात दाढी केलेली आहे. मुलाला कळवलं. तो म्हणाला, "बाबा, तिथे सुरक्षित आहे ना?" मी म्हटलं, "चौकशी चालू आहे, माझीच."

एक रकाना भरताना जरा थांबलो. तो तूच तपासून चावीवाल्यांना दे:

अर्जदाराची ओळख देणारी व्यक्ती: थोरली बहीण.
अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता: सहासष्ट.
अर्जदाराच्या वर्तनाविषयी अभिप्राय:

हा मोकळा ठेवलाय. तू लिही. सगळं खरं लिहू नकोस, नाहीतर खोली मिळायची नाही.

धाकटा